कोमट वायर

या वर्षी बाजारात पोंक आला आणि मला गाडीचे दिवे मंद वाटायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मलाही कळतं. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा. सुरतेत थंडी पडली की तो मांडवामांडवांतून विकायला येतो, त्याच्यासोबत लिंबाची नाहीतर मिऱ्याची शेव घेतात, आणि लोक रस्त्यात गाड्या आडव्यातिडव्या लावून तो खातात. दिवे म्हणजे आमच्या जुन्या गाडीच्या बंपरखाली लावलेले दोन पिवळे फॉग लाइट. पण आमच्या घरात हे दोन्ही एकाच हंगामात आले, आणि तेव्हापासून मला एकाची चव लागली की दुसऱ्याची शंका येते.

शंका घेणं हा तसा माझा धंदाच आहे. उधन्याकडच्या एका मिलमध्ये मी कापड तपासतो. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून कापडाचा अख्खा ताका सरकत जातो आणि मी त्यात खोट शोधत बसतो. तुटका धागा, तेलाचा डाग, रंगाचा पट्टा. जे कापड चांगलं आहे त्याच्याशी माझं काही काम नसतं. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाची नजरच वाकडी होते. लग्नात गेलो तर नवरीच्या तोंडाआधी मी तिच्या शालूचा पोत बघतो, आणि बायकोने चहा जरा जास्त गोड केला तर आज हिला काय हवंय याचा विचार करतो.

तर दिवे मंद वाटले तेव्हा मी रीतसर एकेकावर संशय घेत गेलो. आधी बॅटरीवर. मग बल्बवर, कारण दुकानदाराने तो खोक्यातून न देता सुटा हातावर ठेवला होता. मग दिव्यांच्या काचांवर. त्या टूथपेस्ट लावून घासल्या. मग धुक्यावर. सुरतेत भल्या सकाळी जे पांढरं दिसतं ते धुकं की मिलच्या चिमण्यांचा धूर, हे इथे जन्मलेल्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यामुळे धुक्यावर संशय घ्यायला भरपूर जागा असते. मिलमध्येही त्याच सुमारास माझ्या टेबलावरून पास झालेला एक ताका व्यापाऱ्याने परत पाठवला. किनारीच्या कडेकडेने लांबच लांब धागा तुटलेला होता. मी टेबलाखालच्या ट्यूबलाइटला दोष दिला, आणि मनातल्या मनात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. तो माणूस वर मलाच म्हणाला, हल्ली तुम्ही नमस्काराला उत्तर देत नाही. मी म्हटलं, तुम्ही केलात कधी?

दुसरा कोणी असा वागला असता तर मी लगेच ओळखलं असतं. कारण असंच एकेकावर बोट ठेवत गेलेला एक माणूस मी काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीत रोज बघत होतो. ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

आबा नंदुरबारच्या पुढच्या एका खेड्यातून तरुणपणी सुरतेला आले, बोलणं तेवढं गावचं, अहिराणीच राहिलं, आणि सगळी हयात लूम्सच्या खात्यात जॉबर होते. धोटा अडकला, पट्टा निसटला, माग नुसताच धडधडायला लागला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. अर्थात हाक मारतात असं म्हणायचं, खात्यात हाक ऐकू येत नाही. शंभर माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसतात. त्यामुळे आबा मागाचं दुखणं कानाने नाही, हाताने ओळखायचे. चौकटीवर पंजा ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचे. ही सवय घरीही आली. पंखा, मिक्सर, शिवणयंत्र, काहीही चालू केलं की आधी त्यावर हात. एकदा माझ्या तापलेल्या कपाळावर हात ठेवूनही ते थोडा वेळ तसेच डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, आता हे मला उघडून बघणार.

खातं सोडल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, कोणाची तरी वापरलेली, पांढरी. डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत ती आली त्या दिवशी त्यांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. त्यांच्या मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गावातून निघताना ते एसटीच्या टपावर पत्र्याची पेटी टाकून, दारात लटकून निघाले होते. परत जाताना एकदा तरी स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत, गावात शिरायचं होतं. आणि तशी संधी आली. माझ्या धाकट्या बहिणीचं, छायाचं जमलं. मुलगा नंदुरबारचा. साखरपुडा गावच्या घरी, पौष लागायच्या आत करायचा ठरलं. आबांनी जाहीर करून टाकलं की छायाला घेऊन गाडी ते स्वतः नेणार.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती त्याच सुमाराला. कडोदऱ्याच्या रस्त्यावर आबा गाडी चालवत होते, मी शेजारी. दिवस मावळत होता. डाव्या अंगाने एक उसाचा रस विकणारा हातगाडी ढकलत चालला होता. मला तो केव्हाचा दिसत होता. आबांनी अगदी शेवटी, माझ्या ओरडण्यावर, गाडी उजवीकडे घेतली. हातगाडीवाल्याने गुजरातीत जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आबा शांतपणे म्हणाले की दिव्याचा उजेडच पडत नाही, माणसाला दिसणार कसं?

मग ज्याने गाडी विकली तो माणूस लबाड ठरला. मग बल्ब नकली ठरले. मग काच पिवळी पडली होती, मग बॅटरीत दम नव्हता. मला यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. मी सरळ विचारलं की डोळे दाखवायचे का. त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेल्या अटी मला न अडखळता वाचून दाखवल्या. चष्म्याशिवाय. मुंगीएवढी अक्षरं वाचणाऱ्याला हातगाडी कशी दिसत नाही, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही.

सोसायटीत वेगळीच कुजबुज होती. गाडी आल्यापासून आबांची मान ताठ झाली म्हणे. बाजूने कोणी राम राम घातला तरी बघत नाहीत, समोर जाऊन उभं राहिलं तरच बोलतात. आईच्या कानावर हे आलं तेव्हा तिने म्हणणाऱ्यांच्याच हेतूवर संशय घेतला. मला मात्र खरंच वाटलं. मी मनात म्हटलं, चढली बरं का आबांना गाडी. शंकेखोर माणसाला एवढंच कळत नाही की शंका नेमकी कुठे घ्यावी.

शेवटी मी फॉग लाइटला होकार दिला, पण त्यात माझा डाव होता. दिवे लख्ख होऊ देत. मग रस्त्यावर उजेड असूनही यांना दिसलं नाही, तर दोष कोणाचा ते आपोआप उघडं पडेल. आणि दिसलं, तर मी आनंदाने मागच्या सीटवर बसेन. साखरपुड्याची तारीख जवळ येत होती आणि गाडीत आई, छाया, मी, सगळेच बसणार होतो.

उधन्यात आमच्या ओळखीचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन होते, हितेशभाई. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड, बाहेर मांजा रंगवणाऱ्यांनी खांबाखांबांना ताणलेला गुलाबी दोरा, आणि सगळ्या वाऱ्याला सरसाचा वास. आईने आधीच बजावलं होतं की असले लोक नवी बॅटरी काढून जुनी घालतात. ती आमच्याबरोबर आलीच, आणि एक स्टूल मागून घेऊन बॉनेटसमोर ठाण मांडून बसली. हातात मेथीची जुडी, नजर बॅटरीवर. हितेशभाईंनी तिला चहा विचारला. तिने घेतला नाही. चहा पिताना मान वर करावी लागते.

हितेशभाईंनी एक काळी डबी काढली, काड्यापेटीहून थोडी लहान, खाली पितळेचे पाय. रिले. मी विचारलं, दिवा आहे, बटण आहे, मधे हे तिसरं कशाला? आमच्या मिलमध्ये मधे तिसरा आला की तो स्वतःचं काहीतरी काढून घेतो. हितेशभाई हसले. ते म्हणाले, "भाई, बटन तो सिर्फ इशारा करेगा. करंट देने का काम रिले का."

मग त्यांनी सावकाश समजावलं. दिव्याला लागते ती वीज बरीच. ती सगळी डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून, बारीक वायरींतून फिरवत आणली तर वाटेतच दमते, बटणही एक दिवस जळतं. म्हणून बटणाची थोडीशी वीज फक्त रिलेपर्यंत न्यायची. रिलेच्या पोटात तारेचं वेटोळं आहे. त्यात वीज आली की त्याचं लोहचुंबक होतं आणि ते आतली पत्ती ओढून घेतं. पत्ती चिकटली की दुसरी, मोठी वाट जुळते. मग बॅटरीतून जाड वायरने, फ्यूजमधून, वीज थेट दिव्याला. म्हणजे वाटा दोन, आणि त्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. पायांवर आकडे होते, तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. मधले आकडे कुठे गेले ते मी विचारलं. ते हितेशभाईंना ठाऊक नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही.

आबांचं मात्र लक्ष भलतीकडे होतं. सगळं जोडून झाल्यावर हितेशभाईंनी बटण दाबलं तेव्हा आबांनी दिव्यांकडे बघितलंच नाही. त्यांनी रिलेवर बोट ठेवलं होतं. टिक. त्यांच्या चेहऱ्यावर मी अनेक वर्षांनी तो भाव पाहिला, माग पुन्हा सुरात आल्यावरचा. मग त्यांनी बोट सरकवून जाड वायरवर आणलं आणि तिथेच राहू दिलं. त्यांनी मला सांगितलं की वायर जरा वेळाने कोमट झाली पाहिजे. गरम झाली तर वायर बारीक. गार राहिली तर वीज पुढे जातच नाही, टिक झाली तरी. मी हो हो म्हटलं. तेव्हा माझं लक्ष हितेशभाई उरलेली वायर कुठे ठेवतात याच्याकडे होतं.

परत येताना आबांनी पोंक घेतला. गावी शेतात बसून, शेकोटीवर भाजून, हातावर चोळून हुरडा खाल्लेल्या माणसाला तो पाकिटात बघून दरवर्षी राग येतो आणि दरवर्षी ते घेतात. त्यांचा संशय असा की हा मागच्या वर्षीचा, बर्फात ठेवलेला. तरी त्यांनी गाडीत बसून मूठमूठ खाल्ला. मी त्यांच्या डावीकडे पाकीट धरलं होतं आणि त्यांचा हात दोनदा पाकिटाच्या बाजूने रिकामा गेला. मला वाटलं, बोलण्याच्या नादात आहेत.

आता मी नव्या संशयाला लागलो. बॅटरीतून रिलेपर्यंत येणारी ती जाड वायर, तिच्यात गाडी बंद असतानाही वीज उभीच असते, हे हितेशभाईंच्या बोलण्यातून माझ्या ध्यानात राहिलं होतं. म्हणजे सोसायटीखाली गाडी उभी, वर आम्ही निजलेलो, आणि खाली ती वायर जागी. फ्यूज आहे म्हणून काळजी नाही असं ते म्हणाले होते, पण काळजी नाही असं कोणी म्हटलं की मला काळजी वाटते. म्हणून रोज संध्याकाळी मिलमधून आलो की मी गुपचूप बॉनेट उघडून दिव्यांच्या वायरीतला फ्यूज काढायचो आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायचो. सकाळी परत लावायचो. आबांना याचा पत्ता नव्हता. त्यांना कळलं असतं तर त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली असती.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. फटफटत होतं. सोसायटीच्या आवारात धुकं असं बसलं होतं की समोरच्या इमारतीचा खालचा मजला नव्हताच. आई साखरेचा पुडा, नारळ, साड्या डिकीत लावत होती. छाया हिरवी साडी नेसून, थंडीने आखडून, स्टीअरिंगमागे बसली होती, कारण आबांना निघण्याआधी दिवे तपासायचे होते आणि बटण दाबायला कोणीतरी हवं होतं. आबांनी नवी टोपी घातली होती. ते बॉनेटच्या कडेला वाकले, रिलेवर बोट ठेवलं आणि छायाला दाब म्हणाले. मी गाडीच्या बरोबर समोर उभा होतो.

टिक. एवढ्या शांततेत ती मलाही ऐकू आली.

"लागना," आबा म्हणाले. त्यांनी मान वर केली, समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघितलं, खाली दिव्यांकडे नाही. "दख, कसा लख्ख उजेड पडना."

माझ्यासमोर दोन काळ्या काचा होत्या. त्यांच्यावर दव होतं. दिवे लागलेच नव्हते. माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि फ्यूज बोटाला लागला. बटणाची वाट जुळली होती, म्हणून टिक झाली होती. दिव्याची वाट माझ्या खिशात होती.

जो पुरावा मी कडोदऱ्याच्या रस्त्यापासून शोधत होतो तो असा समोर येऊन उभा राहिला, आणि मला तो नको होता. मला वाटलं, पटकन पुढे व्हावं, काहीतरी बोलत फ्यूज बसवून टाकावा, आणि हो आबा, लख्ख पडलाय म्हणावं. पण डिकी लावून आई मागच्या सीटवर बसत होती. छाया स्टीअरिंगमागून उतरायला निघाली होती, वडिलांना जागा करून द्यायला.

आबांचं बोट सवयीने वायरवर सरकलं होतं. ते वाट बघत होते. मीही बघत राहिलो. त्यांनी बोट उचललं, दुसऱ्या जागी ठेवलं, मग सगळा पंजा तिच्याभोवती मिटला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"वायर थंडी शे," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, इतक्या हळू की छायाला ऐकू गेलं नसावं, "दिवा लागना नही. अन् मले ते दिखनं नही."

मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. मी खिशातून फ्यूज काढला आणि जागेवर बसवला. दिवे लागले, धुक्यात दोन पिवळे पट्टे पडले. आबांनी ते बघायला पूर्ण मान वळवली, जणू खिडकीच्या फटीतून बघावं तशी, आणि मग मला कळलं की गेले कित्येक महिने ते असेच मान वळवून बघत होते. फ्यूज खिशात का होता, असं त्यांनी विचारलं नाही. बॉनेटवर हात टेकत टेकत ते गाडीला वळसा घालून डावीकडे गेले, दार चाचपून उघडलं आणि बसले. गाडी तू चालाड, एवढंच म्हणाले. आईने काय झालं विचारलं. ते म्हणाले, फ्यूज निघेल व्हता.

बारडोली गेलं, व्यारा गेलं. सोनगढच्या पुढे झाडीत धुकं इतकं दाट झालं की मी गाडी चालवत नव्हतो, ढकलत होतो. आबा मला सारखे विचारत होते की काय दिसतंय. मी सांगायचो, उसाची बैलगाडी. ते म्हणायचे, मग गाडीच्या बाजूने माणूस चालत असेल, नीट बघ. आणि खरंच एक माणूस घोंगडी पांघरून चालत असायचा. मी त्यांच्यावर इतके दिवस डोळा ठेवून होतो, आणि आता ते माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून बसले होते. तेही पुरता नाहीच. दर थोड्या वेळाने, दिवे चालू आहेत ना, हे विचारत होतेच.

गावाच्या अलीकडे, जिथे डांबरी संपते, तिथे मी गाडी थांबवली. धुकं केव्हाच उठलं होतं, ऊन पडलं होतं. पुढे सरळ रस्ता, एका बैलगाडीएवढा, दोन्ही बाजूंना निवडुंग. मी इंजिन चालू ठेवून खाली उतरलो आणि उजवीकडचं दार उघडं धरलं. आई मुद्दाम दुसरीकडे बघायला लागली. आबांना कळलं. त्यांनी त्या उघड्या दाराकडे मान वळवून बघितलं, पुरेसा वेळ बघितलं.

"नको," ते म्हणाले. "आठे पोरं खेयतस."

मग ते उतरले आणि गाडीच्या पुढे चालायला लागले. मी मागून पहिल्या गिअरवर. नवी टोपी, पाठ ताठ, एक हात मागे बॉनेटवर टेकलेला, जसा बैलाच्या वशिंडावर टेकतात तसा. पिवळे दिवे चालूच होते, ते बंद करू नको असं त्यांनीच सांगितलं होतं. गावातल्या लोकांना तो थाट वाटला. काकांनी विचारलं, दिवसाउजेडी दिवे कशाला? आबा म्हणाले, नवा शेतस. सगळे हसले. छायाने घुंगट नसतानाही पदर तोंडाशी धरला होता, आणि मी काचेतून आबांच्या पाठीशिवाय काहीही बघत नव्हतो.

सुरतेला परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, काचबिंदू. कडेकडेचं सगळं गेलं होतं, मधे नळीतून दिसावं एवढं उरलं होतं. म्हणून तर मुंगीएवढी अक्षरं दिसत होती आणि हातगाडी दिसत नव्हती, म्हणून बाजूचे राम राम हवेत जात होते. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं, असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले. आणि निघता निघता आम्हा मुलांकडे वळून म्हणाले की चाळिशीनंतर तुम्हीही दर वर्षी तपासून घ्या, हे घराण्यात उतरतं. छाया नंदुरबारात नेमाने तपासून घेते आणि दर हिवाळ्यात फोनवर मला विचारते. मला तो डॉक्टरांचा धंदा वाटत आला. त्यांच्या दवाखान्याबाहेर चष्म्यावर सवलतीचा फलक होता, तो मी जाता जाता नीट वाचून ठेवला होता.

आबा अजून आहेत, आमच्याकडेच. दिवसातून ठरलेल्या वेळी थेंब घालतात, आणि बाटली संपत आली की दुकानदाराने अर्धीच भरून दिली असा संशय घेतात. नळी बारीक बारीक होत गेली आहे. सकाळी आवारात उन्हाला बसतात, पोंक आला की पाकिटावर हात फिरवून, हा मागच्या वर्षीचा, असं सांगतात.

परवाच्या रविवारी मी गाडी त्यांच्याजवळ आणून उभी केली. म्हटलं, आबा, दिवे मंद झालेत, हात लावून बघा. बॅटरी बदलली, बल्ब बदलले, काचा घासल्या, हेही सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज मलाच ओळखीचा वाटायला लागला. मिलमधला परत आलेला ताका, किनारीच्या कडेने तुटलेला धागा, शेजारच्या माणसाचा नमस्कार, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण ते सगळं मनात एकापाठोपाठ एक येऊन उभं राहिलं होतं. मी तपासनीस आहे. डोळे गेले की मी कोणीच नाही. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वस्तूत खोट निघायला हवी होती. आबांनी म्हणावं की वायर गार आहे, रिले कामातून गेला, हितेशभाई चोर आहे. काहीही.

मी बॉनेट उघडलं, बटण दाबलं आणि समोर जाऊन उभा राहिलो. आबा काठी टेकत उठले, बॉनेटच्या कडेने चाचपत आले, आणि जागा न शोधता बोट बरोबर रिलेवर ठेवलं. मी आत जाऊन बटण एकदा बंद करून पुन्हा दाबलं. टिक झाली असणार, कारण त्यांनी मान हलवली. मग बोट वायरवर सरकलं. डोळे मिटले. वरच्या मजल्यावर कोणीतरी गादी झटकत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी वायर पंजात धरली, तशीच धरून ठेवली. मी वाट बघत होतो आणि ती संपू नये असंही वाटत होतं.

"वायर कोमट शे," ते म्हणाले. "दिवा बराबर शे."

त्यांनी वायर सोडली, हात धोतराला पुसला, आणि पूर्ण मान वळवून, मी त्या नळीत येईपर्यंत मला शोधलं. सापडल्यावर बराच वेळ बघत राहिले. मग हात पुढे केला. मला वाटलं आधारासाठी असेल, म्हणून मी माझा हात दिला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पंजा तसाच उघडा ठेवला. त्यांना गाडीची चावी हवी होती.

"सकाय डोया दखाडाले जाऊत," चावी मुठीत घेत ते म्हणाले. "मी येस तुना संगे. रिक्षामा जाऊत."